दुकानात माणसे चार, कमाई एकाची

नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत सकाळी दहाच्या सुमारास एक चक्कर मारावी. शटर वर गेलेले असते, फडके मारून झालेले असते. बारा फुटांच्या दुकानात वडील गल्ल्यावर, थोरला मुलगा गिऱ्हाइकाला माल दाखवायला, धाकटा मोबाइलवर आणि पुतण्या दारात उभा. विचारले तर उत्तर तयार असते, "चौघेही धंद्यात आहेत." ऐकायला बरे वाटते. पण महिनाअखेर चौघांच्या वाट्याला प्रत्येकी किती आले, असे विचारले की चौघेही एकमेकांकडे पाहू लागतात. कारण तो हिशेब कोणी कधी मांडलेलाच नसतो.

आपल्या दोन जिल्ह्यांतील रोजगाराची खरी अडचण इथेच आहे, असे आमचे मत आहे. काम नाही असे म्हणता येत नाही, कारण रिकामे कोणीच बसलेले दिसत नाही. पण कामात असणे आणि कमावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या काही वर्षांत या दोहोंतले अंतर वाढत गेले आहे आणि त्याची किंमत व्यापारी व कारागीर कुटुंबे मुकाट्याने मोजत आहेत.

सरकारी मोजणी काय सांगते?

केंद्र सरकार देशभर श्रमशक्तीची पाहणी करते. त्या पाहणीनुसार देशातील एकूण काम करणाऱ्यांत स्वयंरोजगार असलेल्यांचा वाटा २०१७-१८ मध्ये ५२.२ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ५८.४ टक्के झाला. नियमित पगारदारांचा वाटा याच काळात २२.८ टक्क्यांवरून २१.७ टक्क्यांवर आला. वरवर पाहता लोक स्वतःच्या पायावर उभे राहिले असे वाटेल. पण याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे. घरच्या धंद्यात किंवा शेतात पगाराविना मदत करणाऱ्यांचा वाटा १३.६ टक्क्यांवरून १९.४ टक्क्यांवर गेला. या वाढीत मोठा भाग स्त्रियांचा, विशेषतः खेड्यातील स्त्रियांचा आहे, हे खरे. तरी नियम सर्वांना एकच लागू होतो. दुकानाच्या दारात उभा असलेला तो पुतण्या सरकारी मोजणीत "रोजगार असलेला" म्हणून नोंदला जातो; त्याच्या खिशात काही पडो वा न पडो.

कमाईचे काय झाले तेही पाहावे. केंद्राच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत महागाई वजा करून आकडे दिले आहेत. स्वयंरोजगार असलेल्या पुरुषाची महिन्याची सरासरी खरी कमाई २०१७-१८ मध्ये ९,४५४ रुपये होती, ती २०२३-२४ मध्ये ८,५९१ रुपये झाली. स्त्रियांची ४,३४८ वरून २,९५० वर आली. म्हणजे धंद्यात माणसे वाढली आणि माणशी कमाई घटली. पगारदारांचीही खरी कमाई या काळात वाढली नाही. पण त्यांच्या घरात एका पगारावर चार नावे लावली जात नाहीत.

हे आकडे आपल्याला इतरांपेक्षा अधिक लागू पडतात. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले होते की, शहरांतील मुस्लिम कामकऱ्यांपैकी ५७ टक्के स्वयंरोजगारात आहेत, तर हिंदू कामकऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के आहे. शहरी मुस्लिम कामकऱ्यांत नियमित नोकरी असलेले केवळ २७ टक्के आढळले. अहवालाला जवळजवळ वीस वर्षे होत आली, तरी इतवाऱ्यात किंवा गोलाईत फिरताना चित्र फारसे पालटल्यासारखे वाटत नाही. स्वयंरोजगाराची कमाई घटली तर पहिला फटका आपल्या मोहल्ल्यांना बसतो, तो यामुळे.

नांदेड-लातूरमध्ये धंदे कसे पालटले?

जुन्या नांदेडकरांना उस्मानशाही मिलचा भोंगा आठवत असेल. निजामी राजवटीत, १९२० च्या दशकात उभी राहिलेली ही कापड गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. गिरणीत पाळी होती, ठरलेला पगार होता, भविष्य निर्वाह निधी होता. एका कामगाराच्या पगारावर घर चाले आणि मुले शाळेत जात. गिरणी गेली, पण तिच्या जागी तशी पगाराची कामे तितक्या संख्येने आली नाहीत. गिरणी कामगारांच्या पुढच्या पिढ्यांना ऑटो, हातगाडी, किराणा आणि पंक्चरचे दुकान हेच मार्ग उरले.

कापसाचेही तसेच. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात दिलेले "नांदेड-४४" हे वाण शेतकऱ्यांच्या तोंडी होते. जिनिंग-प्रेसिंग, सरकी, गाठी, पिंजण यांवर बरीच घरे चालत. पुढे शेतकरी सोयाबीनकडे वळला. सोयाबीनला वेचणीचे हात लागत नाहीत. मळणीयंत्र आले की काम दिवसात उरकते आणि माल थेट आडतीवर जातो. लातूरची आडत त्यामुळे मोठी झाली, उदगीर-लातूरच्या डाळ मिलही चालू आहेत. परंतु आडतीत पैसा जितका फिरतो, तितकी माणसे लागत नाहीत. शिवाय भावाचा भरवसा नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव असूनही बाजारात माल त्याखाली विकला गेला. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की त्या वर्षी बांगडी, चप्पल, गादी, कापड, भांडे, सारेच उधारीवर जाते. आपल्या दुकानाचा गल्ला शेवटी त्याच्या खळ्यावर अवलंबून असतो, हे विसरून चालणार नाही.

आपल्यातील पिढीजात धंद्यांचा आढावा घेतला तर बदल अधिक स्पष्ट दिसतो. पिंजाऱ्याच्या धनुकलीची जागा यंत्राने घेतली आणि आता तयार फोमची गादी कारखान्यातून येते. कल्हईवाल्याला स्टीलच्या भांड्यांनी घरी बसवले. मणियारांच्या काचेच्या बांगडीसमोर तयार माल आणि मोबाइलवरची खरेदी उभी आहे. बागवान अजून टिकून आहेत, कारण फळ आणि भाजी रोज लागते. नावे जुनीच राहिली, पण त्या नावाखालचे काम निघून गेले आणि माणूस मात्र तिथेच बसून राहिला.

काही धंदे बाजाराने नव्हे तर कायद्याने पालटले. मार्च २०१५ मध्ये राज्यात वळू आणि बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. त्याचा परिणाम केवळ कुरेशी बांधवांपुरता राहिला नाही. चामड्याचा व्यापार, जनावरांची वाहतूक, बैलबाजारातील दलाली आणि म्हातारा बैल विकून नवा घेणारा शेतकरी, असे सारे एका साखळीत होते. ज्या म्हशींवर बंदी नाही त्यांची ने-आण करतानाही अडवणूक होते, अशी तक्रार सातत्याने होत आली. २०२५ मध्ये राज्यातील कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबविली, तेव्हा शेतकऱ्यांचीही कोंडी झाली. एखाद्या धंद्याचे दार बंद करताना त्यातील हातांसाठी दुसरे दार उघडणे हे शासनाचे काम आहे आणि ते झालेले नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

वाढले कोठे, तेही पाहा

मात्र केवळ रडगाणे गाऊन उपयोग नाही. या दोन शहरांत काही कामे वाढलीही आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हजारो घरे नव्याने उभी करावी लागली. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या या पुनर्वसनात गवंडी, सुतार, लोखंडकाम करणारे यांना कित्येक वर्षे काम मिळाले. तेव्हा ज्यांनी सळई बांधण्याचे आणि भूकंपरोधक बांधकामाचे तंत्र शिकून घेतले, त्यांच्या कामाची मागणी पुढेही राहिली. नांदेडमध्ये २००८ च्या गुरुता गद्दी सोहळ्यानिमित्त रस्ते, पूल, यात्री निवास उभे राहिले. यात्रेकरूंमुळे हॉटेल, वाहन, प्रवास, खेळणी-कडे-तसबिरींची दुकाने यांना वर्षभर गिऱ्हाईक असते.

लातूर तर विद्यार्थ्यांचे शहर झाले. "लातूर पॅटर्न"मुळे राज्यभरातून मुले येतात. त्यांना खोली लागते, मेस लागते, सायकल-दुचाकी दुरुस्ती लागते, झेरॉक्स, शिलाई, धुलाई लागते. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. तिथे वेल्डर, फिटर, वायरमन लागतात. आपल्या गॅरेजमध्ये दहा वर्षे वेल्डिंग केलेला तरुण हाताने कोणापेक्षा कमी नसतो. त्याच्याकडे कमी असतो तो कागद. शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. ती माहिती मोहल्ल्यापर्यंत पोचत नाही, ही खंत आहे.

लातूर जिल्ह्याच्या पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चिंचेचा हंगाम आला की ती फोडण्याचे काम बायकांच्या हातांवर चालते. त्या कामाची मजुरी वजनावर ठरते आणि ती घरखर्चात न मोजता विरून जाते. माल नावारूपाला येत असताना फोडणाऱ्या हाताला काय मिळते, हे व्यापाऱ्यांनीच आधी पाहिले पाहिजे.

एकदा हिशेब मांडून पाहा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा, चौघे बसतात त्या दुकानाची महिन्याची विक्री तीन लाख रुपये आहे. सरासरी बारा टक्के सुटतात असे धरले तर हाती ३६,००० आले. त्यातून भाडे ६,०००, वीज आणि किरकोळ २,०००, बुडीत उधारी ३,००० वजा केली की उरले २५,०००. जागा स्वतःची असेल तर भाडे शून्य धरू नये. ती जागा दुसऱ्याला दिली असती तर तितके आलेच असते. हे २५,००० चौघांत वाटले तर माणशी ६,२५०, म्हणजे महिन्यातील २६ दिवस धरता रोजचे २४० रुपये. बांधकामावरचा बिगारीही या पैशांत कामाला येत नाही.

आता घरात सहा माणसे आहेत असे धरू. २०२२-२३ च्या कुटुंब खर्च पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागातील माणशी मासिक खर्च सरासरी ६,६५७ रुपये आणि ग्रामीण भागातील ४,०१० रुपये निघाला. म्हणजे सहा जणांच्या शहरी घराचा सरासरी खर्च सुमारे ४०,००० आणि खेड्यातील घराचा सुमारे २४,०००. तीन लाखांची उलाढाल करणारे हे दुकान शहरात राहून खेड्यातील सरासरी कुटुंबाइतकेच घर चालवते!

मग वरची तूट कशी भरते? घरातील बाई शिवणकाम करते. कोणी आखातात किंवा पुण्या-हैदराबादला आहे, तो पैसे पाठवतो. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये पात्र भगिनींच्या खात्यात येऊ लागले. आणि जेव्हा यातले काहीच पुरत नाही, तेव्हा दुकानातल्या मालाचा पैसा घरात वापरला जातो. पुढच्या महिन्यात माल कमी भरला जातो, गिऱ्हाईक परत जाते, विक्री घटते. दुकान एका दिवसात बसत नाही. ते असे महिन्या-महिन्याने आतून पोखरले जाते. बाहेरून मात्र चौघे धंद्यातच दिसतात.

यावर आमचे काही व्यापारी मित्र म्हणतात, "घरची माणसे हेच आपले बळ आहे. नोकर ठेवला तर पगार द्यावा लागेल, चोरीची भीती राहील. २०२० च्या टाळेबंदीत नोकरीवाले घरी बसले, आपले दुकान टिकले ते घरच्या माणसांमुळेच." हे म्हणणे खोटे नाही. अडचणीच्या दिवसांत एकत्र कुटुंबासारखा आधार दुसरा नाही. पण संकटात दिलेला खांदा वेगळा आणि वीस वर्षांच्या मुलाचे सारे आयुष्य त्या खांद्यावर खर्च करणे वेगळे. दहावीनंतर मुलाला "दुकानात माणूस हवा" म्हणून काढून घेताना आपण काय वाचवतो? एका नोकराचा पगार. आणि काय घालवतो? चाळीस वर्षांची कमाई. हा सौदा कोणताही शहाणा व्यापारी मालाच्या बाबतीत करणार नाही. मुलाच्या बाबतीत मात्र तो डोळे मिटून करतो.

काय करावे?

पहिली गोष्ट, गल्ला आणि घर वेगळे करा. दुकानातून घरासाठी जे जाईल ते वहीत लिहा. दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या नावे, मग तो सख्खा मुलगा असो, दरमहा पगार लिहा आणि शक्य तितका द्याही. तो पगार दिल्यावर दुकान तोट्यात दिसत असेल तर दुकानाला इतकी माणसे पेलत नाहीत, हे उघड आहे. मग कोणाला शिकवायचे, कोणाला दुसऱ्या कामाला लावायचे, हे घरात बसून ठरवता येते. घरी शिवणकाम, चिंच फोडणे, मेसचे डबे करणाऱ्या स्त्रियांची कमाईही त्याच वहीत लिहावी. जी कमाई लिहिली जात नाही, ती करणाऱ्याचे घरात वजनही राहत नाही.

दुसरी गोष्ट, कारागिरांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. आधार क्रमांकावर होते. माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असे पैसे थकवणाऱ्या व्यापाऱ्याला तो खर्च आयकरात लगेच दाखवता येत नाही. ठेकेदाराकडे महिनोन्महिने पैसे अडकलेल्या फॅब्रिकेशनवाल्याने हे हत्यार वापरले पाहिजे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र या नोंदणीचा उपयोग मुख्यतः बँक कर्जापुरता आहे. थकबाकीचे हे संरक्षण त्याला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी, धोबी, सोनार, कुलूप कारागीर आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. कर्ज पाच टक्के व्याजाने आहे. पण कर्ज घेतलेच पाहिजे अशी सक्ती नाही. व्याज टाळणाऱ्यानेही प्रशिक्षण आणि अवजारांचा लाभ घ्यावा. या यादीत पिंजारी नाही, कल्हईवाला नाही, वेल्डर आणि दुचाकी दुरुस्त करणाराही नाही. मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी ही उणीव शासनापुढे मांडावी आणि आपल्या कारागीर संघटनांनी त्यासाठी त्यांच्या मागे लागावे.

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला, तेव्हा सोने, कापड, मिरची, गूळ, चपला यांना वेगवेगळ्या वाटा ठेवल्या. प्रत्येक मालाला स्वतःची वाट असली तरच बाजार वाढतो, हे त्या आखणीमागचे शहाणपण होते. घराचेही तसेच आहे. चौघांना एकाच उंबऱ्यात उभे केले तर गर्दी होते, बरकत होत नाही. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीचे एक कोरे पान घ्या, दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा आणि नावापुढे त्याच्या कमाईचा खरा आकडा लिहा. तो आकडा पाहून वाईट वाटले तरी हरकत नाही. पुढचा निर्णय मग कोणी सांगावा लागणार नाही.